झिंक कमी, कॉपर जास्त, लोह कमी: वजन जास्त असलेल्या मुलाचा रिपोर्ट नेमका वाचायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा, वय १४, उंची १६२, वजन ७८ किलो. सोसायटीत कॅम्प होता म्हणून घरी सॅम्पल घेऊन फुल बॉडी चेकअप केलं आणि रिपोर्ट आला तो अर्धा लाल. हिमोग्लोबिन १२.१, आयर्न ३८, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ११ टक्के, पण फेरिटिन ६८ म्हणजे नॉर्मल, झिंक ५८, कॉपर १६८, मॅग्नेशियम १.६, व्हिटॅमिन डी ११, अल्कलाइन फॉस्फटेज ३१०, टीएसएच ६.१. शुगर उपाशीपोटी ९२, इन्सुलिन २८, एचबीएवनसी ५.८, ट्रायग्लिसराइड १७८, एचडीएल ३४, एएलटी ५२, सीआरपी थोडा वाढलेला. जिममधल्या कोणीतरी सांगितलं की मिनरल बिघडलेत म्हणून मेटाबॉलिझम बसलाय, ही पावडर तीन महिने घ्या, मिनरल भरले की वजन आपोआप उतरेल. तर पावडर सुरू करू का, हा प्रश्न.

ताई, पावडर आधी कपाटात ठेवा. मी ठाण्यातच मुलांच्या वाढीचं आणि हार्मोन्सचं क्लिनिक बघते आणि असा रिपोर्ट घेऊन येणारे आईबाबा आता रोजचेच झालेत, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. जिमवाल्याने गोष्ट उलटी धरलीय. या वयात पोटावर चरबी चढली की अंगात एक मंद सूज राहते, ताप नाही दुखणं नाही पण सीआरपी (रक्तात सूज दाखवणारा आकडा) किंचित वर, आणि त्या सुजेमुळे रक्तातले मिनरलचे आकडे इकडचे तिकडे होतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधले निम्मे लाल आकडे वजनामुळे आलेत, वजन त्यांच्यामुळे आलेलं नाही. ते आकडे पावडरने काळे करता येतील कदाचित, त्याने वजनाला काही फरक पडणार नाही. यात खरी कमतरता आहे ती लोहाची आणि डीची, त्याला औषध लागेल. आणि ज्याची मला खरी काळजी वाटते तो आकडा तर लॅबने लालही केलेला नाही.

आधी सोप्पं संपवून टाकू. अल्कलाइन फॉस्फटेज ३१० विसरा. ते हाडं वाढत असताना वाढतंच, १४ वर्षांच्या उंच होणाऱ्या मुलात ३०० काय ४०० सुद्धा चालतं, लॅबच्या सॉफ्टवेअरने मोठ्या माणसाची रेंज छापली म्हणून लाल झालंय. यावरून लिव्हर खराब म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) ६.१ चंही तसंच, जाड मुलांमध्ये तो थोडा वर जातो आणि वजन उतरलं की खाली येतो. फ्री टी४ आणि अँटिबॉडी एकदा बघून घेऊ, पण "थायरॉइडमुळे जाड झालाय" हे नातेवाइकांना सांगायला सोयीचं असलं तरी थायरॉइडने जाड झालेल्या मुलाची उंची वाढायची थांबते. तुमचा तर दर सहा महिन्यांनी पँट आखूड होते म्हणताय.

आता लोह, कारण यात सगळ्यात जास्त घोळ होतो. तुमचा गोंधळ बरोबर आहे, आयर्न कमी आणि फेरिटिन नॉर्मल हे दोन्ही एकदम कसं? होतं असं की लिव्हरमध्ये हेप्सिडिन नावाचं एक हार्मोन बनतं, ते म्हणजे लोहाच्या कोठाराची किल्ली कमरेला लावलेली आजी. अंगात सूज असली की हेप्सिडिन वाढतं, आतड्यातून येणारं लोह आत घेत नाही आणि साठ्यात असलेलं बाहेर सोडत नाही. त्यामुळे रक्तात लोह कमी, सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रोटीन किती टक्के भरलंय ते) कमी. आणि फेरिटिन हे साठ्याचं माप असलं तरी ते सुजेमुळे स्वतःच वाढतं, म्हणून ते खोटं नॉर्मल दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये हे स्पष्ट करून ठेवलंय, पाच वर्षांवरच्या निरोगी मुलांत फेरिटिन १५ च्या खाली तर साठा संपलेला, पण अंगात इन्फेक्शन किंवा सूज असेल तर ७० च्या खाली असलं तरी कमतरता धरायची. तुमच्या मुलाचा सीआरपी वाढलेला आहे आणि फेरिटिन ६८, सॅच्युरेशन ११ (२० च्या वर हवं, १६ च्या खाली असेल तर ठळक कमी). हिमोग्लोबिन १२.१ या वयाला जेमतेम पास, १४ पर्यंत १२ ची रेषा आहे आणि १५ नंतर मुलग्यांना १३ लागतं. म्हणजे लोह कमी आहे, "फेरिटिन नॉर्मल आहे हो" असं कोणी सांगितलं तरी.

पण गोळी सुरू करायच्या आधी एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) आणि लाल पेशींची संख्या बघा, रिपोर्टच्या पहिल्याच पानावर असते, कोणी वाचत नाही. एमसीव्ही ७० च्या आसपास आणि लाल पेशी पाच मिलियनच्या वर असतील तर थॅलेसेमिया मायनर (आईबाबांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) आहे का ते एचपीएलसी ही हिमोग्लोबिनची टेस्ट करून बघायचं. आपल्या पट्ट्यात, ठाणे उल्हासनगर कल्याण, सिंधी लोहाणा कच्छी घरं बरीच आहेत, त्यांच्यात हे जास्त सापडतं, पण मराठी घरात नसतंच असं अजिबात नाही. मायनरवाल्याला वर्षानुवर्षं टॉनिक पाजलेलं मी पाहते, काही उपयोग नसतो.

आणि लोहाचा शुगरशी एक संबंध आहे जो कोणी सांगत नाही. लोह कमी असेल तर एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) खोटा वर दिसू शकतो, कारण लाल पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि त्यांच्यावर साखर चिकटायला वेळ मिळतो. त्यामुळे ५.८ बघून "प्रीडायबेटिस" असा शिक्का आजच मारू नका, आणि सोडूनही देऊ नका. लोह भरून आल्यावर परत करायचा, किंवा आत्ताच हवं असेल तर ग्लुकोज पिऊन दोन तासांची टेस्ट करायची, ती लोहावर अवलंबून नसते.

लोहाची गोळी डोस ठरवून डॉक्टरांकडूनच घ्या, वजनावरून डोस काढताना ७८ किलोचा आकडा धरला तर उगाच भलामोठा निघतो. मी शक्यतो एकच वेळ देते, कधी एक दिवसाआड, कारण गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर वर जातं आणि लगेच दुसरी गोळी फारशी आत शिरत नाही, मोठ्या बायकांवर हे नीट मोजलेलं आहे. चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. लिंबू पाणी चालेल. संडास काळी होईल, घाबरू नये. सरकारी शाळेत आठवड्याला जी निळी गोळी देतात ती ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडचीच, ती कमतरता होऊ नये म्हणून, झालेली भरायला ती पुरत नाही. आणि हो, वजन थोडं जरी उतरलं की हेप्सिडिन उतरतं आणि लोह चांगलं शोषलं जातं, हे लठ्ठ मुलांवर दाखवून झालंय. त्यामुळे नुसती गोळी आणि बाकी सगळं होतं तसंच, यात सहा महिन्यांनी परत हाच रिपोर्ट हातात येतो.

झिंक आणि कॉपर. झिंक खाली कॉपर वर, हे बघून गुगलने तुम्हाला भलभलतं दाखवलं असणार. कारण बहुतेक एकच आहे, तीच सूज. सूज असली की झिंक रक्तातून लिव्हरमध्ये ओढलं जातं, आणि कॉपर ज्या प्रोटीनवर बसून फिरतं ते सेरुलोप्लाझमिन वाढतं, म्हणून कॉपर वर. (मुलींमध्ये पीसीओएससाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तरी कॉपर वर जातं, तो गोळीचा परिणाम, विषबाधा नव्हे.) शिवाय झिंकची टेस्ट फार नाजूक. त्याला खास ट्रेस एलिमेंटची ट्यूब लागते, साध्या ट्यूबच्या रबरातून झिंक मिसळू शकतं. खाल्ल्यावर आकडा पडतो, दुपारी वेगळा येतो सकाळी वेगळा येतो. लाल पेशींमध्ये भरपूर झिंक असतं त्यामुळे सॅम्पल फुटलं तर खोटं वाढतं. आता तो सॅम्पलवाला मुलगा पहाटे सहाला एका सोसायटीत, साडेसातला तुमच्याकडे, मग अजून चार घरं, मग घोडबंदरचा ट्रॅफिक, मग लॅब. त्या ट्यूबचं काय होत असेल तुम्हीच विचार करा. पोटॅशियमही असंच खोटं वर येतं, दंडाला पट्टा आवळून मूठ उघडबंद करायला लावली तरी. आणि साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के शुगर उतरते. म्हणून तुमची ९२ खरी का, तेही मी एकदा ग्रे झाकणाच्या, शुगर टिकवणाऱ्या ट्यूबमध्ये तपासून घेईन.

म्हणजे झिंकची कमतरता थोतांड आहे का, तर तसंही नाही. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ मध्ये मुलांच्या पोषणाचा देशभर मोठा सर्व्हे केला, त्यात १० ते १९ वयाच्या मुलांत सुमारे ३२ टक्क्यांना झिंक कमी निघालं, २८ टक्क्यांना ॲनिमिया, आणि साधारण १० टक्के प्रीडायबेटिसच्या रेंजमध्ये, जाड मुलं मात्र फक्त पाच टक्के. म्हणजे बिघाड जाडीपेक्षा आधी येतोय. आपली मुलं वरून बारीक आतून चरबी अशी जन्मापासूनच असतात, हे पुण्यात केईएममध्ये डॉ. याज्ञिकांच्या टीमने कधीच दाखवून दिलंय. झिंकचा इन्सुलिनशी संबंधही खरा आहे, स्वादुपिंडात इन्सुलिन झिंकला धरूनच साठवलेलं असतं. इराणमध्ये लठ्ठ मुलांना रोज २० मिलिग्रॅम झिंक काही आठवडे देऊन बघितलं, इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही ते) थोडा सुधारला, पण ट्रायल छोटी आहे, तेवढ्यावर मी कोणाला गोळी लिहीत नाही. आणि तुमच्या त्या पावडरच्या डब्याचा फोटो मी मोठा करून बघितला, एका स्कूपमध्ये झिंक ५० मिलिग्रॅम. या वयाला सगळं मिळून ३४ च्या वर रोज जाऊ नये असा अमेरिकेचा आकडा आहे. जास्त झिंक महिनोन्महिने गेलं की कॉपर शोषलं जात नाही, मग कॉपर कमी होऊन ॲनिमियाच वाढतो. वर त्याच स्कूपमध्ये लोह पण, कॅल्शियम पण, सगळे एकमेकांची वाट अडवणार. सेलेनियम पण आहे त्यात, ते जास्त झालं तर केस गळतात. केसांसाठी म्हणून बाबा पण घेणार होते ना?

मॅग्नेशियम १.६. लॅबची खालची रेषा १.७, म्हणजे केसभर कमी. अंगातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात असतं, बाकी हाडात आणि स्नायूत, त्यामुळे रक्तातला आकडा साठ्याबद्दल फार बोलत नाही, नॉर्मल असला तरी आत कमी असू शकतं. इन्सुलिनने पेशीचं दार वाजवल्यावर आत जी साखळी हलते तिला मॅग्नेशियम लागतं, म्हणून जाड मुलांत मॅग्नेशियम कमी आणि इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त हे जोडीने दिसतं, पण इन्सुलिनचं गणित बिघडलं की किडनीतून मॅग्नेशियम जास्त जातं हेही खरं. आधी कोण, हे भांडण मिटलेलं नाही. मला त्यात रस नाही फारसा, कारण दोन्हीकडून उपाय ताटातच आहे. मैदा करताना गव्हातलं बहुतेक मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जातं, आणि तुमचा मुलगा सकाळी ब्रेड, मधल्या सुट्टीत नूडल्स, संध्याकाळी पाव, यावर चाललाय. एक गोष्ट मात्र विचारते, ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल वगैरे चालू आहे का? तुमच्या मेसेजमध्ये "गॅसची गोळी" असं आलंय. ती महिनोन्महिने चालली तर मॅग्नेशियम उतरतं, लोहही कमी शोषलं जातं. बंद करायची का ते लिहून देणाऱ्याला विचारा, पण विचारा.

आरओचं पाणी मिनरल काढून घेतं का, हाही प्रश्न होता. काढतं. आपल्याकडे येणारं पाणी धरणाचं, पावसाचं, नवी मुंबईत तर मोरबेचं, आधीच मऊ असतं, टँकर बोअरवेल नसेल तर आरओची गरज फारशी नसते. पण ते बदलून वजन उतरणार नाही, पुढे जाऊ.

डी ११ हे खरंच कमी, १२ च्या खाली म्हणजे कमतरता. चरबीत डी अडकून राहतं म्हणून जाड मुलांना नेहमीच्या दुप्पट तिप्पट डोस लागतो. डीची साठ हजार युनिटची पावडर किती आठवडे ते लिहून घ्या आणि तेवढीच द्या, नंतर रक्त तपासा. संपल्यावर मेडिकलमधून स्वतःहून परत परत आणून दिलेली आणि कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठता घेऊन आलेली मुलं आम्ही बघतो.

आता न रंगवलेला आकडा. एएलटी ५२, म्हणजे लिव्हरची टेस्ट. लॅबने ५५ पर्यंत नॉर्मल छापलंय म्हणून काळा राहिला. मुलग्यांत एएलटी २६ च्या आत हवा, मुलींत २२. तुमच्याकडे बरोबर दुप्पट. त्याच्या शेजारी ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४० च्या खाली, इन्सुलिन २८ (वयात येताना इन्सुलिन रेझिस्टन्स सगळ्यांचाच थोडा वाढतो, पण एवढा नाही). १० ते १६ वयासाठी जे मेटाबॉलिक सिंड्रोमचे (पोटाची चरबी, शुगर, बीपी, रक्तातली चरबी एकत्र बिघडणं) निकष आहेत त्यात पोटाचा घेर आणि बाकी चारपैकी दोन गोष्टी लागतात, दोन तर झाल्याच. घेर मोजून बघा, शिंप्याच्या टेपने, उंचीच्या निम्म्याहून म्हणजे ८१ सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटातली चरबी जास्त आहे. बीपी मोठ्या कफने घ्यायला सांगा, छोट्या कफमध्ये खोटं वर येतं. पोटाची सोनोग्राफी करा, फॅटी लिव्हर निघेल असं मला वाटतंय. हे सगळं एकाच ठिकाणी जोडलेलं आहे आणि यासाठी झिंक कॉपरची साडेतीन हजारांची टेस्ट करायची गरज नव्हती.

मान बघा त्याची. परवा एक आई आली होती ओपीडीत, मुलाच्या मानेवर मागे काळा मखमलीसारखा पट्टा, काखेतही. ती म्हणाली डॉक्टर रोज बेसन आणि दही लावून काथ्याने घासते तरी मळ निघत नाही. मुलगा शर्टाची कॉलर वर ओढून बसलेला, माझ्याकडे बघायला तयार नाही. घासून घासून चामडी सोललेली. तो मळ नसतो हो, इन्सुलिन जास्त असलं की कातडी तशी जाड आणि काळी होते. इन्सुलिन उतरलं की ती आपोआप फिकट होते, क्रीमने नाही. वजनाच्या काट्यापेक्षा मुलांना ही खूण जास्त पटते, त्यांना स्वतःला आरशात दिसतं.

खाण्याचं. डाएट चार्ट देत नाही, घोडबंदरला ज्याचा क्लास रात्री साडेनऊला सुटतो त्याला चार्ट देऊन काय करायचं. तीन गोष्टी बघते. कोल्डड्रिंक, एका ३०० मिलीत तीस ग्रॅमच्या वर साखर, हे बंद म्हणजे बंद, फ्रूटीबिटी ज्यूसही. दुसरं, क्लासच्या आधी पाच वाजता पोट भरलेलं हवं, म्हणजे क्लासखालची शेजवान फ्रँकी आणि वडापाव आपोआप कमी होतो. वडापाव कायमचा तोडा असं मी सांगत नाही, ठाण्यात राहून ते जमणार पण नाही, आठवड्यातून एकदा, दोन पावांऐवजी एक. पाच वाजता मटकीची उसळ, वर कांदा आणि लिंबू, किंवा ज्वारी-बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मोड आलेल्या कडधान्यात फायटेट (झिंक-लोह धरून ठेवणारा घटक) कमी होतं म्हणून झिंक आणि लोह जास्त मिळतं, लिंबाने लोह शोषलं जातं. तीळ, कारळं, जवस, राजगिरा यात मॅग्नेशियम भरपूर. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, फक्त नाचणीची बिस्किटं नकोत, त्यात नाचणी नावापुरती. नॉनव्हेज खात असाल तर तिसऱ्या, मांदेली, बोंबील, पण तळून नको, आंबटात. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांत आजी अजून हेच खातात आणि नातू चिकन लॉलीपॉप. तिसरं झोप. साडेबाराला झोपून सहाला उठणारा मुलगा दिवसभर गोडच मागणार. घोरतो का तेही सांगा, श्वास अडकत असेल तर त्याची वेगळी तपासणी आहे.

व्यायामाला जिम नको तूर्तास. उपवन तळ्याला फेऱ्या, येऊरच्या चढाला रविवारी, बिल्डिंगखाली क्रिकेट, रोज मिळून तासभर घाम आला पाहिजे. वजन तीन महिने तेवढंच राहिलं आणि उंची दोन सेंटिमीटर वाढली तर मी खूश, उतरवण्याची घाई नाही. घरात सगळ्यांनी तेच खायचं, त्याला भाकरी आणि भावाला पिझ्झा असं केलंत तर तो आठवड्यात सोडेल, आणि बरोबरच करेल.

फार तहान, रात्री लघवीला उठणं, न करता वजन उतरणं यातलं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी शुगर बघा.

तीन महिन्यांनी परत टेस्ट, पण पॅकेज नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन, सॅच्युरेशन, सीआरपी एकत्र, उपाशी शुगर, एचबीएवनसी, एएलटी, लिपिड, डी, मॅग्नेशियम. झिंक कॉपर नको. लॅबमध्ये स्वतः जाऊन द्या, सकाळी, रात्रीचं जेवण झाल्यावर काही न खाता. आदल्या दिवशी लोहाची गोळी देऊ नका नाहीतर आयर्न खोटं वर येतं, सर्दी-ताप असेल तर दोन आठवडे पुढे ढकला कारण फेरिटिन परत फुगलेलं दिसेल, आणि केसांसाठी बायोटिनवाली गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद, थायरॉइडच्या टेस्ट त्याच वेळी केल्या तर टीएसएच गंडतो.